मैदानाची हजेरी

मुलांनो, आज एक सोपा हिशेब देते. वही नको, पेन्सिल नको. पायात चपला घाला, घराच्या उंबऱ्यावर उभे राहा आणि तुम्ही रोज जिथं खेळता तिथपर्यंत पावलं मोजत जा. किती भरली? दोनशे? पाचशे? काहींची मोजणी चौकातच थांबेल, कारण पुढे रिक्षा लागते. आणि काही जण म्हणतील, "बाई, आम्ही तर जिन्यातच खेळतो. मोजायचं काय?"

जो आकडा येईल तो लक्षात ठेवा. 'मोजताच येत नाही' हेही उत्तरच आहे बरं का! पुढे ते आपल्याला लागणार आहे.

मी जळगावात एका प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर धुळ्याचं, पांझरेपलीकडचं देवपूर. धुळे शहराची गंमत तुम्हाला ठाऊक आहे का? १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला. त्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं इथं नवी पेठ वसवली, ती सरळ सरळ गल्ल्यांची. म्हणून आजही धुळेकर पत्ता सांगताना 'गल्ली नंबर अमुक' असं सांगतात. शहर आखताना रस्त्याला जागा ठेवावी लागते, बाजाराला ठेवावी लागते, पाण्याच्या टाकीला ठेवावी लागते. तशीच ती खेळायलाही ठेवावी लागते. आपोआप उरलेली जागा आणि मुद्दाम ठेवलेली जागा, या दोहोंत मोठा फरक आहे. तो फरक कळला की निम्मं काम झालं.

आधी उरलेली जागा पाहू. माझ्या लहानपणी देवपुरात आमच्या घरामागं कुणाचा तरी न बांधलेला प्लॉट होता. त्याला मैदान कुणी म्हणत नसे. नुसतं 'तिकडं' म्हणायचे. "आई, तिकडं जाते गं!" एवढं म्हटलं की आईला कळायचं. तिकडं काय नव्हतं? लगोरी होती, डबा ऐसपैस होतं, विटीदांडू होता. आणि कडुलिंबाच्या फांदीला आखाजीचा झोका बांधला, की मग मुलींचंच राज्य! खानदेशातल्या मुलांना आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. झोक्याला उंच झाड लागतं आणि पुढं-मागं जायला मोकळी जागा लागते.

पुढे त्या प्लॉटच्या मालकांनी तिथं घर बांधलं. त्यांचं काहीच चुकलं नाही, जागा त्यांचीच होती. आमचं 'तिकडं' मात्र संपलं. उरलेली जागा ही अशी असते. आज आहे, उद्या नाही. तिच्यासाठी कुणाकडे भांडता येत नाही.

आता ठेवलेली जागा. शेतजमिनीचे प्लॉट पाडून कॉलनी वसवायची, तर आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला सगळे 'ले-आउट' म्हणतात. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर तिच्यातला दहा टक्के भाग सगळ्यांसाठी मोकळा सोडावा लागतो. आपल्याकडच्या कॉलन्यांत लोक त्याला 'ओपन स्पेस' म्हणतात. चला, चौथीचं गणित करू या. जमीन आहे दोन हेक्टर, म्हणजे २०,००० चौरस मीटर. दहा टक्के म्हणजे २,००० चौरस मीटर. खो-खोचं मोठं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटर. भाग द्या बरं! चार मैदानं बसतात आणि वर आजी-आजोबांच्या कट्ट्याला जागा उरते. एवढं सगळं तुमच्यासाठी कागदावर आधीच ठेवलेलं असतं.

कागदावर! इथंच खरी गोष्ट सुरू होते.

आम्ही राहतो त्या जळगावच्या कॉलनीत अशीच एक ओपन स्पेस आहे. फार सुंदर वगैरे नाही. एका कडेला बाभूळ, दुसऱ्या कडेला निंबाची तीन झाडं, मधे माती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तिथं चुन्याच्या रेघा दिसल्या. मुलांना वाटलं, कुणीतरी कबड्डीचं मैदान आखलंय! पण रेघांच्या कडेला खड्डे खणायला सुरुवात झाली आणि बातमी कळली. या जागेवर एक मोठं सभागृह आणि त्याला लागून दुकानं बांधायचा प्रस्ताव होता. तो कुणाचा, हे इथं महत्त्वाचं नाही. प्रस्ताव मांडणारी माणसं वाईटही नव्हती.

आमच्या शेजारच्या आजी ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "मंग आते पोरेसनी खेयानं कोठे?"

या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. उत्तराऐवजी सगळे दुसरंच काही सांगत होते. कुणी म्हणे, "सभागृह झालं तर लग्नकार्याला लांब जायला नको." कुणी म्हणे, "दुकानं आली की भाव वाढेल घरांचा." आणि बहुतेक जण म्हणाले, "नाही तरी ती जागा रिकामीच तर पडलीय!"

मुलांनो, हे वाक्य नीट ऐका. मैदानं कधी वाईट कारणासाठी जात नाहीत. ती नेहमी चांगल्याच कारणासाठी जातात. सभागृह चांगलं, वाचनालय चांगलं, देऊळ चांगलं, वाहनतळाचीही गरज असते. प्रत्येक गोष्ट चांगली असल्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि 'रिकामी' हा शब्द एकदा का जागेला चिकटला, की ती भरायची घाई सगळ्यांनाच होते.

ती खरंच रिकामी होती का? जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी एकला कुत्रंसुद्धा बाभळीच्या सावलीतून हलत नाही. पाहणीला माणसं आली ती नेमकी भर दुपारी. त्यांना काय दिसणार? ऊन आणि धूळ. तेच सकाळी सातला आले असते तर? संध्याकाळी सहाला आले असते तर?

आठवीतली एक मुलगी तेव्हा मला म्हणाली, "बाई, शाळेत तुम्ही आमची हजेरी घेता. मग मैदानाची घ्या ना!"

कल्पना मला एकदम पटली. आम्ही एक शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख. वेळ: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. मग मुलगे, मुली, मोठी माणसं आणि शेवटी, काय चाललं होतं. पंधरा दिवस पाळीपाळीनं मुलं मोजायला जात. चार रेघा आणि पाचवी आडवी, अशा खुणा करत. खाडाखोड नाही, वाढवून लिहिणं नाही. वाढवून लिहिलेली हजेरी कुणी मानत नाही, हे मी त्यांना बजावून ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी वही उघडली. दुपारच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. संध्याकाळच्या रकान्यात रेघा मावत नव्हत्या, कडेच्या समासात गेल्या होत्या. 'काय चाललं होतं' या रकान्यात मुलांनी लिहिलं होतं: क्रिकेट, लंगडी, सायकल शिकणे, भांडण, एक आजोबा काठी टेकत चार फेऱ्या, बकऱ्या, एका बाळाचं पहिलं पाऊल, पुन्हा भांडण.

आणि एक गोष्ट त्या वहीनं अशी दाखवली, जी आम्ही मोजायला बसलोच नव्हतो. मुलींचा रकाना मुलांच्या रकान्याइतकाच भरलेला होता. मी मुलींना विचारलं, "दुसरीकडच्या मोठ्या मैदानावर जाता का गं?" सगळ्यांनी माना हलवल्या. नाही. का? "आई लांब पाठवत नाही." इथं का पाठवते? "इथं ओट्यावरून दिसतं ना तिला!"

समजलं का तुम्हाला? जळगावचं शिवतीर्थ मैदान मोठं आहे, सागर पार्क मोठं आहे, धुळ्याचं गरुड मैदान प्रसिद्ध आहे. ती हवीतच. मोठे सामने, सभा, प्रदर्शनं तिथं होतात. पण सात वर्षांच्या मुलाला आणि बारा वर्षांच्या मुलीला रोज एकट्यानं जाता येतं ते दारापुढचंच मैदान. ते गेलं तर मुलगे कदाचित सायकल काढून दुसरीकडे जातील. मुली घरात बसतील. म्हणून म्हटलं, पावलं मोजा. मैदान किती मोठं आहे, याच्या आधी ते किती पावलांवर आहे हे विचारावं लागतं.

आता या गोष्टीतले आप्पा. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलांवर कायम चिडलेले. त्यांच्या खिडकीची काच दोनदा फुटलेली. "होऊ द्या सभागृह, निदान चेंडू तरी थांबेल!" असं ते चारचौघांत म्हणाले होते. मुलांनी त्यांच्याकडे जायचं ठरवलं तेव्हा मीच जरा कचरले. पण मुलं गेली. त्यांनी आधी काचेचे पैसे वर्गणी काढून दिले. मग सांगितलं, "आप्पा, आता आम्ही विकेट तुमच्या खिडकीकडे पाठ करून लावतो. दुपारी दोन ते पाच आवाज करत नाही." आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पिवळा पडलेला एक कागद घेऊन माझ्या दारात उभे! त्यांच्या प्लॉटच्या खरेदीखताला जोडलेली ले-आउटच्या नकाशाची प्रत होती ती. त्यात आमच्या मैदानावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'खुली जागा'.

"बाई," आप्पा म्हणाले, "प्लॉट घेतला तेव्हा या जागेचा हिस्सा धरूनच आम्ही पैसे मोजले. फुकट नाही ही. आणि रिकामी तर मुळीच नाही." एवढं बोलून ते गेले. जाता जाता मुलांवर एकदा ओरडलेही!

ती हजेरीची वही, तो नकाशा आणि कॉलनीतल्या घराघरांतल्या मोठ्या माणसांच्या सह्या असा हरकतीचा अर्ज आम्ही दिला. पोच घेतली. अर्जात कुणावर आरोप केला नाही. मागणं दोनच केलं होतं: ही जागा नकाशात खुली आहे, ती खुली राहावी, आणि पाहणी करायची असेल तर कृपया संध्याकाळी सहाला यावं.

आणि एका संध्याकाळी साहेब खरंच आले! मुलांना आधी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी नटूनथटून उभं नव्हतं. नेहमीसारखा आरडाओरडा, धूळ आणि लंगडी चालू होती. साहेब पाच मिनिटं निंबाखाली उभे राहिले. एक चिमुरडा त्यांना म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, तुम्ही आमच्या रेघेवर उभे आहात." साहेब बाजूला झाले.

पुढे खड्डे बुजवले गेले. पण 'आणि मैदान कायमचं वाचलं' असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. प्रस्ताव थांबला आहे, रद्द झालेला नाही. कागद कुठल्या तरी कपाटात आहे. म्हणून आमची वहीही अजून चालू आहे. आता ती तिसरी वही.

तुम्हाला वाटेल, एका कॉलनीच्या मातीसाठी एवढी धडपड कशाला? तर आता आपल्याच राज्यातली एक मोठी गोष्ट सांगते. नवी मुंबईत घणसोली नावाचा भाग आहे. तिथं २००३ साली सरकारी क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा ठेवली गेली. २० एकर म्हणजे ८०० गुंठे. मघाचं खो-खोचं मैदान धरलं तर तशी १८७ मैदानं! वर्षं गेली, संकुल काही उभं राहिलं नाही. २०१६ साली त्यातला काही भाग सिडकोनं इमारती बांधण्यासाठी खासगी बांधकाम व्यावसायिकाला दिला. आणि २०२१ साली राज्य सरकारनं ठरवलं, की क्रीडा संकुल आता रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या नाणोरे गावी करायचं. घणसोलीपासून ते किती लांब? सुमारे ११५ किलोमीटर!

आता तुमचा पावलांचा आकडा आठवा. आपल्या भाषेत सांगायचं तर असं: शाळा सुटली, दप्तर टाकलं, जळगावहून एसटीत बसलात, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळे आलं. तरीही मैदान आलं नाही, अजून पुढेच आहे! खेळणार केव्हा आणि परतणार केव्हा?

नवी मुंबईतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेनं, म्हणजे इमारतींचे नकाशे काढणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेनं, याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गंमत पाहा, ज्यांचं कामच इमारती उभ्या करणं, तेच म्हणाले की इथं इमारत नको! जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं संकुल हलवण्याचा निर्णय आणि जागेचं ते वाटप रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथंही २०२४ मध्येच उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. शहरांत मोकळ्या हिरव्या जागा आधीच थोड्या उरल्या आहेत, त्या राखल्या पाहिजेत, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

आणखी एक खटला सांगते, कारण त्यात आपला 'चांगल्या कारणा'चा प्रश्न आहे. बंगळूरमध्ये एका वसाहतीच्या नकाशात बागेसाठी मोकळी ठेवलेली जागा होती. ती एका खासगी संस्थेला रुग्णालय बांधायला दिली गेली. आता रुग्णालयाला कोण वाईट म्हणेल? पण तिथले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की लोकांच्या बागेसाठी राखलेली जागा अशी खासगी रुग्णालयाला देता येणार नाही. रुग्णालय नको, असं कुणीच म्हटलं नव्हतं. रुग्णालय हवंच, पण बागेच्या जागी नको. दोन चांगल्या गोष्टींत एकीनं दुसरीला गिळायचं नसतं. तिला तिची वेगळी जागा शोधायची असते.

जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. हॉलंडमधलं ॲम्स्टरडॅम शहर. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. शहरात घरांची टंचाई, पैशांची टंचाई. अशा दिवसांत, १९४७ साली, आल्डो व्हान आइक नावाच्या तरुण वास्तुविशारदानं नगरपालिकेसाठी एक छोटं खेळाचं मैदान आखलं. त्यात होतं काय? वाळूचा हौद, बसायला-उड्या मारायला काँक्रीटचे गोल ठोकळे, लोंबकळायला लोखंडी दांड्या. बस्स! पण ते पाहून दुसऱ्या भागांतले लोक नगरपालिकेला पत्रं लिहू लागले, 'आमच्या गल्लीतही एक करा.' पडलेल्या घरांच्या जागा, दोन इमारतींमधले बोळ, चौकातले कोपरे, जिथं जमेल तिथं मैदानं होत गेली. १९७८ पर्यंत त्यांनी आखलेल्या मैदानांची संख्या सातशेच्या वर गेली! एका शहरात सातशे! सुरुवातीला मोठा निधी नव्हता. साध्या साध्या लोकांची साधी साधी पत्रं होती.

खेळणं हा काही मोठ्यांनी दिलेला खाऊ नाही, बरं का. तो तुमचा हक्क आहे. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहिलेला आहे. भारतानं तो करार १९९२ साली मान्य केला. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून पाळला जातो. आणि शाळांचं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला काय काय हवं याची यादी आहे. तिच्यात वर्गखोल्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह यांच्या बरोबरीनं खेळाचं मैदानही आहे.

पण हक्क कागदावर असला तरी मैदान मातीवर असतं. त्याची राखण करावी लागते. मुंबईचं ओव्हल मैदान १९९० च्या दशकात फार वाईट अवस्थेत होतं. आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना केली, न्यायालयात गेले आणि मग ते नीट राखण्याची जबाबदारीही अंगावर घेतली. २०१८ साली त्या मैदानाभोवतीचा परिसर जागतिक वारसा ठरला. न्यायालयातली लढाई एकदा संपली, पण गवताला पाणी घालायचं आणि कचरा उचलायचा, ते आजही रोजच करावं लागतं.

आता थोडं पालकांशी बोलते. मुलांनो, हा परिच्छेद आई-बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा.

पालकहो, आपल्या कॉलनीच्या ले-आउटची प्रत मिळवून ठेवा. खरेदीखताच्या कागदांत नसेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. दुसरं, शहराचा विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की ठरावीक मुदतीत कुणाही नागरिकाला सूचना आणि हरकती देता येतात. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक अक्षरांतल्या नोटिसा आपण उलटून टाकतो. त्या वाचा. तिसरं म्हणजे आरक्षण. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना? तसाच आराखड्यात 'खेळाचे मैदान' असा रुमाल टाकलेला असतो. पण रुमाल टाकून कुणी बसायलाच आलं नाही तर? आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली, तरी ती खासगी जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमाखाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूनं ते न्याय्यच आहे. म्हणून ती दहा वर्षं संपायच्या आत विचारणा करणं आपलं काम आहे. आणि चौथं, सगळ्यांत सोपं: आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्हीही मैदानावर या. ज्या जागेवर मोठी माणसं उभी असतात, तिला सहसा कुणी रिकामी म्हणत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठीही काम आहे. सह्या, अर्ज, कचेऱ्या हे मोठ्यांवर सोडा. कुणाच्या वादात पडू नका, एकट्यानं कुठं जाऊ नका. पण मोजणं तुमच्याइतकं छान कुणालाच जमत नाही! या रविवारी एक वही घ्या आणि तुमच्या मैदानाची हजेरी सुरू करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. कोण आलं, किती आलं, काय खेळलं. मुलींचा रकाना विसरू नका, तो जर ओस दिसला तर का, ते मुलींनाच विचारा. चालता न येणारं कुणी तुमच्या गल्लीत आहे का, त्याला किंवा तिला मैदानापर्यंत पोचता येतं का, तेही लिहा. मैदानालगतच्या घरांत जाऊन विचारा, "आमच्या खेळण्याचा तुम्हाला काय त्रास होतो?" आणि त्यातला जो कमी करता येईल तो कमी करा. खेळून झालं की बाटल्या-पिशव्या उचला. आणि पावसाळा लागला की कडेनं एखादं निंबाचं रोप लावा, म्हणजे पुढे कुणाला तरी आखाजीचा झोका बांधता येईल.

ज्यांना मैदानच नाही, त्यांनी काय करावं? त्यांनी ॲम्स्टरडॅमच्या लोकांसारखं पत्र लिहावं. आपल्या महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला. चांगल्या अक्षरात, एका पानात. आमच्या गल्लीत मुलं किती, जवळचं मैदान किती पावलांवर, आणि कुठली मोकळी जागा आम्हाला चालेल, एवढंच. शेवटी घरातल्या मोठ्यांची सही घ्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

तुमच्या वहीत पहिल्या आठवड्यात काय दिसलं, ते मला जरूर कळवा. दुपारचं शून्य आलं तरी लपवू नका. सहा वाजता पुन्हा जा आणि मोजा.